विभावावाचून भय

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भय हा एक स्थायीभाव मानला आहे आणि त्यातून निष्पन्न होणारा रस तो भयानक. भय कशाने उपजते, ते अंगावर कसे दिसते आणि त्याच्या सोबतीने कोणते क्षणिक भाव येऊन जातात, याची विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव अशी मांडणी तेथे आहे. निबिड अरण्य, ओसाड घर, विकृत आवाज, राजाचा किंवा गुरूचा अपराध हे विभाव. हातपाय कापणे, तोंडाला कोरड पडणे, चेहऱ्याचा रंग उतरणे हे अनुभाव. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय ही आठ सात्त्विक भावांची यादी आमचे विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

या मांडणीत एक गृहीत इतके स्वाभाविक आहे की त्याकडे लक्षच जात नाही. विभाव आधी आणि अनुभाव नंतर. कारण आधी, कंप नंतर. पंचवीस वर्षांच्या अध्यापनात एकाही विद्यार्थ्याने आम्हाला असे विचारलेले नाही की, अनुभाव सगळे हजर असतील आणि विभाव मात्र मुळीच नसेल, तर त्या अवस्थेला काय म्हणावे? हा प्रश्न आमच्यापुढे ग्रंथातून आला नाही. २०१० ते २०१८ अशी आठ वर्षे तो आमच्या शरीरातच मुक्कामाला होता आणि उजव्या मूत्रपिंडाच्या माथ्यावरची एक ग्रंथी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढल्यावर सुटला. सुटला म्हणजे त्याचा वैद्यकीय भाग सुटला. वाङ्मयीन भाग उरलाच आहे, आणि साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या वाचकांपुढे तोच ठेवावा असे वाटते.

आम्ही जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. २०१० च्या पावसाळ्यात, बुटाची नाडी बांधण्यासाठी वाकलो असता, तो प्रकार प्रथम घडला. डोके आतून फुटेल असे ठणकू लागले, छातीत धडधड सुरू झाली, सदरा पाठीला चिकटेपर्यंत घाम आला आणि आरशात पाहिले तर चेहरा पांढराफटक. वीसेक मिनिटांत सारे ओसरले. मागे राहिला तो गळाठा. पुढे हे महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून एकदा आणि अखेर दिवसाआड होऊ लागले. घरात त्याला नाव नव्हते. ‘आज ते आलं होतं का?’ एवढेच विचारले जाई. वर्गात पडलेला खडू उचलायला वाकावे आणि ‘ते’ यावे; मग टेबलाला धरून उभे राहावे आणि पुढच्या बाकांवरच्या मुलांनी पुस्तकात माना घालाव्यात.

अर्थ लावणारे मात्र पुष्कळ होते. ‘सर, तुम्ही फार मनावर घेता,’ असे सहकारी म्हणत. एका डॉक्टरांनी ‘ते’ नसताना रक्तदाब मोजला, तो थोडा वाढलेला निघाला, आणि त्यांनी मीठ कमी करून रोज एक गोळी घेण्यास सांगितले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी चिंतारोगाचे निदान केले. त्यांच्या औषधाने झोप येई, पण ‘ते’ झोपेतही येई. आमचे स्वतःचे म्हणणे इतकेच होते की, ‘ते’ येण्यापूर्वी आम्हाला कसलीही चिंता वाटत नसते. चिंता नंतर वाटू लागते. या म्हणण्याला कोणी फारसे महत्त्व दिले नाही.

त्यानंतर एक अशी घटना घडली की अर्थ कायमचा ठरून गेला. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. आमच्या वडिलांचीही वाळली. टँकरचे पाणी विकत घेऊन त्यांनी काही महिने झाडे धरून ठेवली. मग तेही परवडेना. मोसंबीचे झाड लावल्यापासून फळावर यायला पाच-सहा वर्षे जातात, त्यामुळे वाळलेली बाग म्हणजे एका हंगामाचे नुकसान नसते. मार्चमध्ये त्यांनी स्वतः उभे राहून बाग तोडून घेतली आणि मे महिन्यात ते गेले. गाव म्हणाले, धसका घेतला. आमच्या आत्याने दशक्रियेच्या दिवशी आमच्याकडे पाहून सांगितले, ‘लेकरा, बापाचा धसका तुझ्या अंगात उतरला.’ तिच्या समाधानासाठी आम्ही अंबडला मत्स्योदरी देवीच्या पायऱ्या चढलो. अर्ध्यावर ‘ते’ आले, आणि सोबतच्यांनी तो देवीचा कौल मानला.

या अर्थनिर्णयाचे वाङ्मयीन मूल्य नाकारता येत नाही. दुष्काळ, वाळलेली बाग, बापाचा मृत्यू आणि लेकाच्या अंगात उतरलेले भय, हे सगळे एखाद्या ग्रामीण कादंबरीत शोभेल इतके एकसंध आहे. त्यात दोष एकच होता आणि तो तारखेचा. ‘ते’ प्रथम आले तेव्हा वडील धडधाकट होते, बाग हिरवी होती आणि त्या साली तिला बहारही चांगला होता. पण रचना चांगली जमली की तारखेचे कोणी ऐकत नाही. समीक्षेतही आपण हे पाहतो. कवीच्या आयुष्यातला एखादा आघात हाती लागला की त्याच्या आधीच्या कवितांतही त्या आघाताचे पडसाद ऐकू येऊ लागतात.

आणखी एक गोष्ट आमच्या मुलुखाची म्हणून सांगितली पाहिजे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. १६०८ साली तेथे जन्मलेल्या या कवीने मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक रचले आणि ते आमच्याकडे अजून घरोघरी म्हटले जातात. मनाला समजावणे, मनाला दटावणे, मन घट्ट करणे हा आमच्या भाषेतला पहिला उपचार आहे. ‘धीर धरा’ असे आपण तापाच्या रोग्यालाही म्हणतो. ही परंपरा आम्हाला प्रिय आहे आणि ती आम्ही शिकवतोही. येथे तक्रार परंपरेविषयी नाही, पत्त्याविषयी आहे. उपदेश मनाच्या पत्त्यावर जात होता आणि ज्याला तो हवा होता तो मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसला होता.

आमची पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. २०१६ च्या सुरुवातीला तिने जालन्याहून रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणले आणि शंभर पानी वही घातली. वहीत तिने पट्टीने रकाने आखले: तारीख, वेळ, त्याआधी काय चालले होते, किती मिनिटे, रक्तदाब, नाडी. ‘काय वाटले’ असा रकाना त्यात नव्हता. तो का नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘अहो, काय वाटलं ते सगळेच सांगताहेत. काय झालं तेवढं मी लिहिते.’

सव्वा वर्षात ती वही भरत आली. ‘ते’ असताना रक्तदाब २२०/१३० च्या आसपास जाई आणि ओसरल्यावर १४०/९० च्या खाली येई. निम्म्याहून अधिक नोंदींत आधीच्या रकान्यात वाकणे, बादली उचलणे, पोट दाबले जाईल असे बसणे किंवा भरपेट जेवण होते. महाविद्यालयाच्या तपासणीला समिती आली त्या आठवड्यात एकही नोंद नव्हती. वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी, दोन्ही वर्षी, नोंद नव्हती.

२०१७ मध्ये ही वही औरंगाबादच्या, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका तरुण डॉक्टरांच्या हाती पडली. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. दहा मिनिटे ते काहीही बोलले नाहीत. मग त्यांनी चोवीस तासांची लघवी तपासायला सांगितली. पाच लिटरचा कॅन, त्यात आधीच घातलेले थोडे आम्ल, आणि एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत घराबाहेर न पडण्याची सूचना, असा तो विधी असतो. नमुना मुंबईच्या प्रयोगशाळेत गेला. अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्ये शरीरात मोडल्यावर जी उरतात, त्यांचे प्रमाण सामान्य मर्यादेच्या कित्येक पट निघाले. सीटी स्कॅनमध्ये उजव्या मूत्रपिंडाच्या वर साडेचार सेंटिमीटरची गाठ दिसली. लिंबाएवढी, असे डॉक्टर म्हणाले. रोगाचे नाव फिओक्रोमोसायटोमा. दहा लाख लोकांत वर्षाला दोन ते आठ जणांना तो होतो. रक्तदाबाच्या हजार रुग्णांत फार तर पाच-सहा जणांत सापडतो. डोकेदुखी, घाम आणि धडधड ही तिन्ही एकदम आणि झटक्याने येणे ही त्याची जुनी ओळख आहे. त्यांना चेहऱ्याच्या पांढरेपणाची आणि हातांच्या थरथरीची जोड दिली की स्वेद, वेपथु आणि वैवर्ण्य ही भरतमुनींची तीन नावे जागच्या जागी बसतात.

ज्या ग्रंथीत ही गाठ होती तिला मराठी विश्वकोशात अधिवृक्क ग्रंथी म्हटले आहे. वृक्क म्हणजे मूत्रपिंड; त्याच्यावर असलेली ती अधिवृक्क. प्रत्येक मूत्रपिंडावर एक अशा या दोन ग्रंथी, एकेकीचे वजन चार-पाच ग्रॅम. नाव केवळ जागा सांगते, काम सांगत नाही. आणि हा नावाचा प्रामाणिकपणा आहे, कारण फार काळ काम कोणालाच माहीत नव्हते. इटलीच्या बार्तोलोमेओ युस्टाकी यांनी सोळाव्या शतकात, १५६३-६४ च्या सुमारास, या ग्रंथींचे वर्णन केले. त्यानंतर दीडशे वर्षांनी फ्रान्समधील बोर्दोच्या अकादमीने ‘या ग्रंथींचा उपयोग काय?’ या प्रश्नावर निबंधस्पर्धा ठेवली. आलेल्या निबंधांवरचा निर्णय १७१८ मध्ये ज्यांनी सांगितला, ते मोंतेस्क्यू होते. पुढे राज्यसत्तेच्या विभाजनाचा विचार मांडणारे तेच लेखक. निबंधांत तर्कांची वाण नव्हती. मोंतेस्क्यू यांनी ते तर्क एकामागून एक तपासले आणि एकालाही पारितोषिक दिले नाही. जागा रिकामी राहिली. थॉमस अ‍ॅडिसन यांनी लंडनमध्ये १८५५ साली या ग्रंथी नष्ट झाल्याने होणाऱ्या रोगाचे वर्णन केले, तेव्हा कुठे ती भरू लागली, आणि १९०१ मध्ये जोकिची ताकामिने यांनी या ग्रंथीतले द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केल्याचे जाहीर केल्यावर भयाची रासायनिक बाजू हाताला लागली. मोंतेस्क्यूंच्या त्या निकालपत्राविषयी आम्हाला विशेष आदर वाटतो. वाईट अर्थाला केवळ दुसरा अर्थ उपलब्ध नाही म्हणून बक्षीस द्यायचे नसते, ही गोष्ट टीकाकाराने त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे.

भय आणि हे द्रव्य यांचा संबंध ग्रेगोरिओ मारान्यॉन या स्पॅनिश वैद्याने १९२४ मध्ये एका वेगळ्याच रीतीने तपासला. त्यांनी दोनशेहून अधिक माणसांना अ‍ॅड्रिनलिन टोचले आणि काय होते ते विचारले. बहुतेकांनी धडधड, थरथर अशी शारीरिक लक्षणेच सांगितली. ज्यांनी भावनेचा उल्लेख केला त्यांतील अनेकांनी तो एका विशिष्ट शब्दाच्या आडोशाने केला. भीती वाटते, असे न म्हणता ते म्हणाले, जणू भीती वाटते आहे. मराठीच्या वर्गात हा शब्द आपण उत्प्रेक्षा अलंकाराचा वाचक म्हणून शिकवतो. मारान्यॉन यांचे रुग्ण नकळत उत्प्रेक्षेत बोलत होते. शरीराने सगळे अनुभाव उभे केले होते, पण विभाव नसल्यामुळे मनाला ते भय खरे मानता येत नव्हते, आणि खोटेही म्हणता येत नव्हते.

आमचा अनुभव याच जातीचा होता, फक्त त्याला एक पुढची पायरी होती. पहिल्या मिनिटाला ‘जणू’ असे. पाचव्या मिनिटाला मन कारण शोधायला निघे. मुलगी शिकवणीहून अजून आली नाही, बँकेचा हप्ता राहिला आहे, गॅस बंद केला की नाही. हाताशी जे असेल ते उचलून मन त्याला विभावाच्या जागी बसवी. अनुभाव आधी आणि विभाव नंतर, असा उलटा प्रवास. बाहेरचे लोक आमच्या भयाला कारणे पुरवीत, त्याआधी आमचे मन तेच काम आतून करत असे.

शस्त्रक्रिया २०१८ च्या जानेवारीत मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात झाली. या शस्त्रक्रियेचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९२६ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सेझार रू यांनी आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी अशा गाठी पोट उघडून यशस्वीपणे काढल्या. ग्रंथी खोल, बरगड्यांच्या आड. त्यामुळे चार ग्रॅमच्या अवयवासाठी वीतभर छेद घ्यावा लागे, कधी बरगडीचा तुकडाही काढावा लागे. दुर्बिणीची वाट मिशेल गान्ये यांनी मॉन्ट्रियलमध्ये दाखवली. त्यांचा वृत्तान्त १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया त्याआधी दोन वर्षे, १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली होती. निदानासाठी पोटात दुर्बीण घालण्याचे काम तर ते १९७२ पासून करत होते. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. हे तंत्र भारतात एका सरकारी रुग्णालयात, गरिबांच्या खाटांवर रुजले, ही गोष्ट आमच्यासारख्या जिल्ह्यातल्या माणसाला मोलाची वाटते. ज्याचे घर हजेरीवर चालते, त्याला वीतभर छेदाचे दोन-तीन महिने परवडत नाहीत.

या गाठीची शस्त्रक्रिया टेबलावर सुरू होत नाही. ती दोन आठवडे आधी गोळ्यांनी सुरू होते. वर्षानुवर्षे आवळून राहिलेल्या रक्तवाहिन्या आधी सैल कराव्या लागतात. त्यासाठी आम्हाला प्राझोसिन दिले गेले. नाक चोंदे, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई. वाहिन्या सैल झाल्या की आतले रक्त कमी पडते, म्हणून भरपूर पाणी आणि भरपूर मीठ. सात वर्षे अळणी भाजी खाल्लेल्या माणसाच्या ताटात पत्नीने लोणचे, ठेचा आणि पापड एकदम वाढले, तेव्हा आमच्या आईला हे डॉक्टर खरे की खोटे अशी शंका आली. धडधड थांबवणारी गोळी त्यानंतरच द्यायची असते. क्रम उलटला तर रक्तदाब भडकू शकतो.

शस्त्रक्रियेची पद्धत सर्जनांनी आदल्या दिवशी कागदावर आकृती काढून समजावली. रुग्णाला डाव्या कुशीवर निजवतात. उजव्या बरगडीखाली चार लहान छिद्रे. त्यांतून एक दुर्बीण आणि तीन हत्यारे. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा तयार करतात. यकृत वर उचलून धरले की त्यामागे शरीरातली सर्वांत मोठी नीला दिसते आणि तिच्या कडेला ग्रंथी. उजव्या बाजूला अडचण अशी की, ग्रंथीची नीला जेमतेम सेंटिमीटरभर असते आणि थेट त्या मोठ्या नीलेत उतरते. तेथे हात चुकून चालत नाही. आणखी एक नियम त्यांनी सांगितला. गाठ शक्यतो धरायची नाही, दाबायची नाही. तिला हात लागला की ती आपला साठा रक्तात ओतते आणि रक्तदाब क्षणात चढतो. म्हणून तिच्या भोवतीचे सगळे हळूहळू सोडवायचे, नीलेला चिमटे लावून ती तोडायची, आणि सुटलेली गाठ पिशवीत घालून बाहेर आणायची. नीला बंद झाली की उलटी भीती. द्रव्याचा पुरवठा एकदम थांबल्याने रक्तदाब कोसळतो. या दोन्ही वेळा सांभाळणारे भूलतज्ज्ञ असतात आणि अर्धी शस्त्रक्रिया त्यांचीच असते, हे सर्जनांनी आपण होऊन सांगितले.

त्या रात्री वॉर्डात पडल्यापडल्या आम्हाला वाटले की, गेली सात वर्षे जो तो आमच्या गाठीला हात लावत होता. प्रत्येक समजूत, प्रत्येक उपदेश हा एक दाब होता. तिच्या भोवतीचे काय आहे ते हळूहळू सोडवण्याचे काम एका वहीने केले होते.

शस्त्रक्रिया तीन तास चालली. एकदा रक्तदाब बराच चढला आणि एकदा बराच पडला, असे नंतर कळले. दुसऱ्या दिवशी आम्ही वॉर्डात चाललो, चौथ्या दिवशी सुट्टी मिळाली आणि चौथ्या आठवड्यात वर्गावर हजर झालो. पहिल्याच तासाला खडू खाली पडला. आम्ही वाकलो, उचलला आणि सरळ उभे राहिलो. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने टाळी वाजवली, मग सगळ्या वर्गाने.

येथे गोष्ट संपायला हवी होती. पण अर्थ लावणाऱ्यांनी आता नवा अर्थ हाती घेतला. ‘म्हणजे सगळं त्या ग्रंथीचंच होतं तर!’ असे लोक म्हणू लागले. सभेत बोलायला आम्ही नकार देत होतो, ते ग्रंथीमुळे. विभागप्रमुखपद घेतले नाही, ते ग्रंथीमुळे. वास्तविक सभेचा कंटाळा आम्हाला २०१० च्या आधीपासून होता आणि आजही आहे. आठ वर्षांपूर्वी जे सारे मनावर घालत होते, ते आता तितक्याच तत्परतेने सारे शरीरावर घालू लागले. दोन्ही अर्थांत माणसाला स्वतःचे असे काही उरत नाही. आधी आम्ही दुर्बळ मनाचे ठरलो होतो. आता मनच नसलेले.

या नव्या अर्थाचा खरा भार वेगळ्याच ठिकाणी पडला. या रोगाच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांत दोष आनुवंशिक असतो, म्हणून आमची जनुकीय तपासणी करावी असे डॉक्टरांनी सुचवले. हे कळताच घरात कुजबुज सुरू झाली. वडीलही असेच अचानक गेले होते. शेवटच्या दिवसांत त्यांनाही घाम येई. म्हणजे त्यांचीही गाठच असेल, धसका वगैरे काही नव्हते. आमच्या धाकट्या भावाला या कल्पनेने दिलासा मिळाला, हे आम्ही पाहत होतो. टँकरसाठी आणखी पैसे उभे केले असते तर, हा प्रश्न त्याच्या मनातून गेलेला नव्हता. गाठ असती तर कोणाचीच जबाबदारी राहिली नसती. दुष्काळाची नाही, बाजाराची नाही, मुलांची नाही.

तपासणीचा निकाल दोन महिन्यांनी आला. तपासलेल्या जनुकांपैकी एकातही दोष आढळला नाही. यामुळे मुलीची चिंता बरीच हलकी झाली. वडिलांविषयी मात्र या निकालाने काहीही सिद्ध होत नाही, हे आम्ही भावाला समजावून सांगितले. त्यांचे शवविच्छेदन झाले नव्हते, त्यांच्या नावाची वही कोणी घातलेली नव्हती. त्यांना गाठ होती असे म्हणायला आधार नाही. धसक्यानेच गेले असे म्हणायलाही वैद्यकीय आधार नाही. एवढेच म्हणता येते की त्यांच्या भयाला विभाव होता. तो सगळ्या गावाने डोळ्यांनी पाहिला होता आणि त्याचे सरपण दोन वर्षे पुरले. वडिलांचे भय आम्ही ग्रंथीच्या नावावर लिहून द्यायला तयार नाही.

आमच्या स्वतःच्या गाठीविषयीही शेवटचा शब्द लिहिला गेलेला नाही. ती साधी की घातकी, असे आम्ही विचारले तेव्हा विकृतितज्ज्ञांनी सांगितले की, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हे निश्चित सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या वर्गीकरणापासून या रोगाच्या कोणत्याही गाठीला निर्धोक म्हणण्याची पद्धत सोडून दिली आहे. अशी प्रत्येक गाठ पुढेमागे इतरत्र उगवू शकते असे धरून चालायचे आणि वर्षानुवर्षे तपासणी करत राहायचे. हातात काच, काचेखाली गाठीचा काप, आणि तरी निर्णय राखून ठेवायचा. असा संयम आम्ही समीक्षेत फार क्वचित पाहिला आहे.

दरवर्षी जानेवारीत तपासणी असते. निकाल येईपर्यंत दोन-तीन दिवस आम्हाला भीती वाटते. हातांना किंचित घाम येतो, रात्री झोप उशिरा लागते. या भीतीत ‘जणू’ नसते. तिचे कारण माहीत आहे, तिची तारीख माहीत आहे आणि निकालाचा कागद हाती आला की ती जाते. वही अजून चालू आहे. त्या दिवसांत रक्तदाब १३०/८४ च्या आसपास असतो, आणि आधीच्या रकान्यात पत्नीच्या अक्षरात लिहिलेले असते: ‘निकालाची वाट पाहत होते.’